मायक्रोकंट्रोलरला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र क्रिस्टल का लावतात?

मे महिना. कन्हान नदीकाठच्या खाप्यात संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचंय आणि थ्री-फेज लाइट रात्री उशिरा येणार. अशा वेळी विहिरीवर जागत बसण्यापेक्षा घरूनच फोनवर मोटार चालू करता यावी, म्हणून शेतकरी मोबाइल स्टार्टर बसवतात. त्या डब्यात सिमकार्डचं मॉड्यूल असतं, मोटार चालू-बंद करणारा रिले असतो आणि दोघांच्या मध्ये मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप.

इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाची मुलं असा स्टार्टर प्रोजेक्ट म्हणून बनवतात, तेही पुष्कळदा इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या चिपवर. वायरिंग बरोबर, प्रोग्रॅमही बरोबर, पण मॉड्यूलकडून मेसेजऐवजी भलतीच चिन्हं येतात. दोष कुठेय? अनेकदा चिपशेजारच्या चकचकीत धातूच्या डबीत. तिच्यावर १२.००० लिहिलेलं असतं, हवं असतं ११.०५९२.

त्या डबीत क्वार्ट्झची पातळ चकती असते. वीज मिळाली की ती ठरलेल्या वेगाने कंप पावते आणि त्या ठेक्यावर चिप काम करते. १२ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ कोटी २० लाख ठोके.

आकडेमोड कुठे अडते?

चिप आणि मॉड्यूल एकमेकांशी एका तारेवरून एकेक बिट पाठवत बोलतात. दोघांमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते; वेग आधीच ठरलेला असतो, उदाहरणार्थ सेकंदाला ९,६०० बिट. हा वेग ८०५१ आपल्या ठोक्यांना भाग देऊन काढते: आधी १२ ने, मग ३२ ने, आणि शेवटी आपण दिलेल्या एका पूर्ण संख्येने.

१२ मेगाहर्ट्झला पहिल्या दोन भागाकारांनंतर उरतात ३१,२५०. त्यातून ९,६०० काढायला ३.२५५ ने भागावं लागेल, पण चिपला अपूर्णांक चालत नाही. ३ ने भागलं तर वेग १०,४१७ होतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. एका अक्षरामागे दहा बिट जातात. प्रत्येक बिटला थोडं थोडं पुढे सरकत गेलं की शेवटच्या बिटपर्यंत चिप शेजारचाच बिट वाचू लागते. दोन्ही बाजूंची मिळून चूक दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिली तरच बोलणं निभतं.

आता १,१०,५९,२०० घ्या. १२ ने भागा, ३२ ने भागा: २८,८००. त्याला ३ ने भागलं की नेमके ९,६००! तो आकडा विचित्र दिसतो तो एवढ्यासाठीच.

मग सगळीकडे हाच लावायचा का? नाही. १२ मेगाहर्ट्झवर ८०५१ चं एक पाऊल बरोबर एक मायक्रोसेकंदाचं पडतं, त्यामुळे नुसता टायमर बनवायचा असेल तर तोच सोयीचा. आर्डुइनो उनोच्या १६ मेगाहर्ट्झवर ९,६०० ला चूक ०.२ टक्क्यांहून कमी येते, पण १,१५,२०० च्या वेगाला ती दोन टक्क्यांच्या पुढे जाते. आणि फोन घेताना आपण मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झ पाहतो तसं इथे करू नये: ठोके वाढले की वीजही जास्त खर्च होते. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत हे लगेच जाणवतं.

आणि ऊन?

खर्च वाचवायला काही जण क्रिस्टल न लावता चिपच्या आतला ऑसिलेटर वापरतात. उनोमधल्या एटमेगा ३२८पी चिपचा असा ऑसिलेटर कारखान्यातून येतानाच १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, शिवाय तापमानाप्रमाणे हलतो. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या डब्यात त्याच्या भरवशावर मोटार सोडू नये.

वेळ दाखवणाऱ्या घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो. १५ वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका उरतो, म्हणजे एक सेकंद. हा क्रिस्टल साधारण २५ अंशांना खरा चालतो. त्याहून गरम झाला की मागे पडतो, गार झाला तरी मागेच. ४५ अंशांत तो दिवसाला साधारण सव्वा सेकंद हरवतो. डब्यात ६५ अंश झाले तर पावणेपाच सेकंद, म्हणजे महिन्याला दोन मिनिटांहून जास्त. ठरलेल्या वेळी मोटार चालू करायची असेल, तर डीएस३२३१ सारखी चिप घेतलेली बरी. ती स्वतःचं तापमान मोजून चूक सुधारते आणि दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आत राहते.