नात्याचा रकाना



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विहाराच्या बांधकामाची हकिकत इतरांनी लिहिलीच आहे. मला वेगळाच इतिहास सांगायचा आहे. रक्ताचं कुणी जवळ नसलेल्या मयतीला खांदा देणाऱ्यांचा.

आपल्या वस्तीत एक आजी होत्या. जुनी मंडळी ओळखतील, म्हणून नाव लिहीत नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आल्या आणि इथंच राहिल्या. रोज पहाटे विहार झाडायच्या. त्या वारल्या तेव्हा गावाकडे निरोप धाडला, पण कुणी आलं नाही. वस्तीनं वर्गणी काढली, बायकांनी अंघोळ घातली, गोदाकाठी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी नोंद करायला मी गेलो. फॉर्मवर ‘मयताशी नाते’ असा रकाना होता. मी ‘शेजारी’ लिहिलं. कारकुनानं मान वर करून विचारलं, “हे काय नातं झालं?” त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही.

कोपरगावातच १७८३ साली राघोबादादा पेशवे वारले. त्यांचं नाव इथल्या वाड्याला आहे, पुस्तकांतही आहे. ज्यांच्यामागं वाडा नाही, त्यांचं कुणी काय केलं हे पाहायचं तर बरंच मागं जावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातलं सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा. तिथं बाहिय नावाचा, झाडाच्या साली नेसणारा एक साधक राहायचा. भगवान बुद्धांना भेटायला तो थेट श्रावस्तीला गेला. उपदेश ऐकला आणि थोड्याच वेळात वासराच्या गाईनं मारल्यानं गेला. परक्या मुलखात ना आई, ना भाऊ. चीवरही अंगावर आलं नव्हतं. भगवंतांनी भिक्षापात्र घेऊन परत येताना ते प्रेत पाहिलं. भिक्खूंना सांगितलं की तिरडीवर घ्या, दहन करा आणि याचा स्तूप बांधा. हा तुमचाच सोबती होता. ही कथा उदानात आहे.

विनयपिटकातली दुसरी हकिकत पुष्कळांना माहीत असेल. एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हतं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं. मग भिक्खूंना म्हणाले की, तुम्हाला इथं आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाहीत तर कोण करणार? एवढं आपण दरवेळी सांगतो. त्याच्या पुढचा नियम मात्र सहसा सांगत नाही. वारलेल्या भिक्खूचं पात्र आणि चीवर संघानं कुणाला द्यावं? ज्यांनी आजारपणात त्याची सेवा केली त्यांना. माझ्या मते हा वारसाहक्काचाच कायदा आहे, फक्त रक्त सोडून सेवेवर बसवलेला.

हा कायदा पाळला गेला, हे आपल्या डोंगरांत दिसतं. मळवली स्टेशनला उतरून भाजे लेण्यांत जा. तिथं १४ स्तूपांचा एक घोळका आहे, ५ आत आणि ९ बाहेर. काहींवर थेरांची नावं कोरली आहेत. धम्मगिरी, संघदिन अशी. कान्हेरीला तर विटांच्या अशा स्तूपांची मोठी ओळच आहे. तिथले लेख शोभना गोखले यांनी वाचले. लेण्यांतले दानलेख पाहिले तर अमक्याचा मुलगा, तमक्याची बायको असं लिहिलेलं असतं. या थेरांच्या नावांपुढं बाप नाही, मुलगा नाही.

कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांतला स्तूप मला सर्वांत जवळचा वाटतो. तो लहानसा आहे. लेखात म्हटलं आहे की हा गोभूतींचा स्तूप, ते रानात राहणारे, भिक्षेवर जगणारे. तो बांधवून घेणाऱ्या आसाळमित्रानं स्वतःचं नातं एका शब्दात सांगितलं आहे, ‘अंतेवासी’. आपण त्याचा अर्थ शिष्य असा घेतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘जवळ राहणारा’.

म्हणजे शेजारीच की!

आजींच्या जलदान विधीच्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं होतं, पण ‘कार्य करणार’ या जागी कुणाचं नाव घालावं ते ठरेना, म्हणून ती ओळ कोरीच राहिली होती. गेल्या पौर्णिमेला ती वही काढली आणि तिथं ‘अंतेवासी, सर्व वस्ती’ असं लिहून ठेवलं.