घरचा लेथ आणि त्याची शक्ति

यंत्रयुगाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि सहजच मोठ्या गिरण्यांच्या धुराड्यांकडे वळते. वाफेचें एंजिन कोणीं केलें, त्यानें किती माग चालविले, किती मजूर खेड्यांतून शहरांत आणले, हीं प्रकरणें विस्तारानें लिहिलीं गेलीं आहेत, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्याची कर्मशाळा म्हणजे घराची एक पडवी, ज्याच्यापाशीं एकच जुना लेथ, आणि तो फिरविण्यास गिरणीचा शाफ्ट नाहीं, अशा एकट्या कारागिरानें आपल्या यंत्राला शक्ति आणावी कोठून, हा प्रश्न इतिहासाच्या पानांत फारसा दिसत नाहीं. वस्तुतः हा प्रश्न गिरणीहून पुष्कळ जुना आहे. ज्या ज्या काळीं त्याला जें जें उत्तर मिळालें, त्यावरून कारागीर आपल्या घरीं स्वतंत्र राहणार कीं दुसऱ्याच्या दारीं कामाला जाणार हें बऱ्याच अंशीं ठरत गेलें, असें आमचें मत आहे. म्हणून त्या उत्तरांची परंपरा येथें थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

लेथ म्हणजे मूळचा आपला चरकच. सुतार रंधा फिरवितो तेव्हां लांकूड स्थिर असतें व हत्यार चालतें. चरकांत काम फिरतें व हत्यार एका जागीं धरावें लागतें. मिसर देशांत पेटोसिरिस नांवाच्या पुरोहिताच्या थडग्यांत, इ. स. पूर्वीं सुमारें 300 च्या एका कोरीव चित्रांत, एक मनुष्य दोरी ओढून काम फिरवीत आहे व दुसरा हत्यार धरून आहे. आपल्याकडील कांतारी जमिनीवर बसून एका हातानें धनुकली मागेंपुढें ओढी, आणि दुसरा हात व पायाचीं बोटें यांच्या आधारानें पटाशी धरी. युरोपांत मध्ययुगीं एक लवचिक दांडी वर बांधून तिची दोरी कामाभोंवतीं गुंडाळीत व खालीं पायानें दाबीत. त्यायोगें दोन्ही हात मोकळे झाले. परंतु या सर्व रीतींत एक दोष समान होता. दोरी एकीकडे ओढली म्हणजे काम हत्यारावर येई, आणि परत गेली म्हणजे उलटें फिरे. म्हणजे निम्मा वेळ हत्यार स्वस्थ बसलेलें! लांकडाला हें चालून जातें. लोखंडाला चालत नाहीं, कारण धातूचा कीस सलग व संथ ओढीनेंच निघतो.

सलग गति कशी मिळावी हें कुंभाराला केव्हांच ठाऊक होतें. त्याचें जड चाक एकदां काठीनें फिरविलें म्हणजे आपल्याच भारानें फिरत राहतें. हेंच तत्त्व लेथास लावावयाचें, तर पायाच्या वरखालीं होणाऱ्या गतीला क्रँकानें वर्तुळांत वळवावयाचें व मधलीं रिकामीं क्षणें जड चाकाच्या वेगानें भरून काढावयाचीं. लिओनार्दो द व्हिंचीच्या टिपणांत पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचें अशा लेथाचें एक रेखाचित्र आहे. त्याच्या जोडीला दुसरीही एक रीति पुढें पुष्कळ चालली: बाजूला एक मोठें चाक उभारावयाचें व तें गड्याकडून फिरवून घ्यावयाचें. या दोन रीतींतला भेद दिसण्यांत लहान, पण परिणामानें मोठा आहे. मोठ्या चाकाला दुसरा मनुष्य लागतो, म्हणजे कारागिराला धनी व्हावें लागतें. पायाच्या फळीला तो एकटा पुरतो. आपल्याकडे पायानें चालणारें शिवणयंत्र घरोघर गेलें, त्याच्या मुळाशीं हीच फळी, हाच क्रँक आणि हेंच चाक आहे.

मात्र पायाची शक्ति किती? जेम्स वॉटनें अश्वशक्तीचें जें माप ठरविलें, तें एका मिनिटांत 33,000 पौंड वजन एक फूट उंच उचलण्याइतकें आहे. धडधाकट मनुष्य तासन्‌तास पाय चालवूं लागला तर या मापाचा सुमारें एक दशांशच देऊं शकतो. आणि उभें राहून, डोळे हत्याराच्या टोंकावर ठेवून तें करावयाचें, म्हणजे त्याहूनही कमी. मौजेची गोष्ट ही कीं, खुद्द वॉटचा घरगुती अनुभव याच मर्यादेंतला होता. बर्मिंगहॅमजवळील हीथफील्ड येथील घराच्या माळ्यावर उतारवयांत तो पुतळ्यांच्या प्रतिकृति कोरण्याचीं यंत्रें करीत बसे. 1819 सालीं तो वारल्यावर ती खोली बहुतेक जशीच्या तशी राहिली, आणि 1924 सालीं आंतील आठ हजारांहून अधिक वस्तूंसह ती लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें नेण्यांत आली. ज्याच्या एंजिनानें देशाच्या गिरण्या फिरविल्या, त्याच्या त्या माळ्यावर एंजिन नव्हतें. तेथें पायाचीच फळी होती.

यांत विसंगति कांहींच नाहीं. वाफेची शक्ति लहान तुकड्यांत विकत मिळत नसे. बॉयलर, कोळसा, पाणी आणि आगवाला हा सर्व संसार एका लेथासाठीं कोण मांडणार? तो शंभर यंत्रांसाठींच परवडे. म्हणून एका एंजिनानें छताखालून जाणारा लांब शाफ्ट फिरवावयाचा, त्यावरील पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खालीं सोडावयाचे आणि एकेका पट्ट्याखालीं एकेक यंत्र मांडावयाचें, अशी कारखान्याची रचना झाली. शाफ्ट फिरत असेल तोंवर काम, शाफ्ट थांबला कीं सुट्टी. कारागिरानें आपली वेळ स्वतः ठरविण्याचे दिवस संपले. पुढें अमेरिकेंत बार्न्स बंधूंच्या कंपनीसारख्यांनीं पायानें चालणारे लेथ व करवती विकून लहान कारागिराला कारखान्याशीं टक्कर देण्याचें साधन पुरविलें खरें. परंतु दशांश अश्वशक्तीनें ती टक्कर किती दिवस चालणार?

घरच्या शाफ्टाला पहिलें बळ दिलें तें गॅसच्या लहान एंजिनानें. त्याला बॉयलर नको, आगवाला नको. हवें तेव्हां सुरू करावें, काम झालें कीं बंद करावें. अमेरिकेंतील डेटन गांवीं राइट बंधूंचें सायकलींचें दुकान होतें. तेथें त्यांनीं स्वतः घडविलेलें एक गॅस एंजिन शाफ्ट फिरवीत असे, आणि त्या शाफ्टावर एक लेथ व एक भोंकें पाडण्याचें यंत्र चाले. त्यांचा मेकॅनिक चार्ल्स टेलर यानें 1903 च्या विमानाचें एंजिन एवढ्याच सामग्रीवर तयार केलें. क्रँकशाफ्टासाठीं त्यानें पोलादाची सबंध पाटी घेतली, आंखलेल्या रेषेवर भोंकें पाडून व छिनी मारून नको तो भाग काढून टाकला, आणि उरलेला दांडा लेथावर कांतला. मनुष्य एंजिनाच्या विमानांतून प्रथम आकाशांत उडाला तो कोण्या प्रचंड कारखान्याच्या जोरावर नव्हे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम 1888 सालच्या बेळगांवच्या सायकलींच्या दुकानांतच होता. कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती 1910 सालीं. या दोन दुकानांची योग्यता आम्ही तोलूं इच्छीत नाहीं. लहान जागेंत, हाताशीं यंत्र आणि यंत्राला शक्ति असली म्हणजे बुद्धीला केवढी वाट मिळते, एवढेंच दाखवावयाचें आहे.

यानंतर वीज आली. तीन फेजांच्या विजेवर चालणारी साधी व दणकट मोटर डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीनें 1889 सालीं सिद्ध केली, आणि 1891 सालीं लाउफेनपासून फ्रँकफुर्टपर्यंत 175 किलोमीटर वीज नेऊन तिची उपयुक्तता लोकांच्या डोळ्यांपुढें मांडण्यांत आली. 1915 सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. आरंभीं अनेक ठिकाणीं मोटर नुसती एंजिनाच्या जागीं बसली. तीच पुली, तोच शाफ्ट, तेच पट्टे. पुढें प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली, शाफ्ट उतरले आणि कारखान्यांत उजेड आला. हरिहरला 1941 सालीं किर्लोस्करांचा लेथ करण्याचा कारखाना निघाला आणि 1946 सालीं बंगळूरला मोटरींचा. म्हणजे यंत्र व त्याची शक्ति हीं दोन्ही या देशांत, एकाच घराण्याच्या हातून तयार होऊं लागलीं.

आतां वर्तमानाकडे वळूं. कारखाने नवीं, संगणकानें चालणारीं यंत्रें घेतात व जुने लेथ भंगाराच्या भावानें निघतात. ज्याला घरीं काम करण्याची हौस किंवा गरज आहे त्याला ही पर्वणीच. परंतु यंत्र घरीं आल्यावर कळतें कीं त्याची मोटर तीन फेजांची, 415 व्होल्टांची आहे, आणि घरांत वीज येते ती बहुधा एका फेजची, 230 व्होल्टांची. ही केवळ आंकड्यांची अडचण नव्हे. तीन फेजांच्या प्रवाहानें मोटरींत चुंबकक्षेत्र आपोआप फिरतें व रोटरला ओढून नेतें. एका फेजचें क्षेत्र नुसतें कमीजास्त होतें व उलटतें, फिरत मात्र नाहीं. म्हणून अशी मोटर एका फेजवर जोडली तर ती जागच्या जागीं घुमते आणि तापते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, मोटरच बदलून कपॅसिटरवर सुरू होणारी एका फेजची बसवावी. दुसरा, तीन फेजांची दुसरी एक मोठी मोटर एका फेजवर रिकामी फिरत ठेवावी, म्हणजे तिच्यांत राहिलेला फेज उत्पन्न होतो व तो लेथाला देतां येतो. ही रिकामी मोटर आपण होऊन उठत नाहीं. तिला कपॅसिटरनें, किंवा दांड्यास दोरी गुंडाळून ओढून, पहिला हिसका द्यावा लागतो. पेटोसिरिसच्या थडग्यांतील दोरी अशी पुन्हां भेटते! तिसरा उपाय ज्याला कारागीर ‘ड्राइव्ह’ म्हणतात त्या पेटीचा. ती घरची वीज आधीं एकदिश करते, मग तिचे तुकडे पाडून तीन फेजांची वीज बनविते. आणि तिची कंपनसंख्या बदलून वेगही बदलतां येतो. जुन्या मोटरच्या तारांचीं सहाही टोंकें बाहेर आलेलीं असलीं आणि ती तारा-जोडणीनें 415 व्होल्टांवर चालत असली, तर त्रिकोणी जोडणीनें तीच या पेटीवर चालूं शकते. अर्थात्‌ हें काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावें, व पेटी आणि मोटर यांच्या मध्यें चालूबंद करण्याची कळ ठेवूं नये.

ही पेटी हातीं आली म्हणजे मोह असा होतो कीं, पट्टे व गिअर काढून टाकावे आणि बटण फिरवून सर्व वेग मिळवावे. येथें जुनें यंत्र आपला स्वभाव दाखवितें. चार इंची लोखंडी काम मिनिटास सुमारें शंभर फेऱ्यांनीं कांतावें लागतें. चार ध्रुवांची मोटर मिनिटास 1,440 च्या आसपास फिरते. तिला पेटीनें शंभरावर आणलें तर तिची शक्तिही त्याच प्रमाणांत उतरते, आणि पंख्याचा वारा न मिळाल्यानें ती तापते तें वेगळेंच. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जुन्या कारागिरांनीं बॅक गिअर केला तो याचसाठीं: वेग सहा पट कमी झाला कीं जोर जवळजवळ सहा पट वाढतो. दुसरें असें कीं, पुष्कळ जुन्या लेथांचा चक आट्यांवर बसविलेला असतो. पेटीनें तो एकाएकीं थांबविला किंवा उलटा फिरविला, तर चक सुटून अंगावर येण्याची भीति असते. आणि ज्या लेथाचीं बेअरिंगें 1900 सालापूर्वींच्या, लवकर तापणाऱ्या पोलादी हत्याराच्या संथ गतीसाठीं केलेलीं, तीं आजच्या वेगाला उतरतील असें मानणें भ्रामक आहे. यंत्र ज्या शक्तीसाठीं घडविलें गेलें तिचें माप त्याच्या अंगांत कायमचें राहतें; नवी शक्ति त्या मापाला जुळवून द्यावी लागते.

1924 सालीं गांधीजींनीं यंत्रांविषयीं बोलतांना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि तें यंत्र करण्यास शक्तीवर चालणारा कारखाना लागेल हेंही मान्य केलें होतें. तो मात्र राष्ट्राच्या मालकीचा किंवा सरकारच्या नियंत्रणाखालीं असावा, अशी त्यांची अट होती. यंत्र घरांत आणि शक्ति परक्याच्या हातीं, हा पेंच त्यांना दिसला होता. तो आज पूर्णपणें सुटला आहे असें नाहीं, कारण वीज दुरूनच येते. तथापि ज्या शक्तीनें शंभर वर्षांपूर्वीं कारागिराला घराबाहेर ओढून शाफ्टाखालीं उभें केलें, तीच आज एक अश्वशक्तीच्या लहान मोटरींतून त्याच्या पडवींत आली आहे. ती कधीं सुरू करावी, किती वेगानें चालवावी आणि तिच्यावर काय घडवावें, हें ठरविणारा पुन्हां तो स्वतः आहे. भंगारांत जाणारा प्रत्येक जुना लेथ ही अशा एका स्वतंत्र मनुष्याची गमावलेली संधि होय. तो घरीं आणावा, त्याचें माप ओळखावें आणि त्या मापानें त्याला शक्ति द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.