लेखनसीमा : टर्मिनलमधल्या मुतालिकाचा इतिहास

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथले जुने कागद काही मोडीत, तर काही उर्दूत आहेत. एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहू लागला, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

असे कागद आता मोबाइलवर टिपले जातात. छायाचित्रांचे ढीग साचतात; त्यांना गाव आणि साल पाहून नावे द्यायची, लिप्यंतरे जुळवायची, दुबार प्रती काढून टाकायच्या. हे कंटाळवाणे काम टर्मिनलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या त्या काळ्या खिडकीत, एआय सहायकाला एका वाक्यात सांगता येते. क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय, जेमिनी सीएलआय ही अशी साधने २०२५ च्या पूर्वार्धात एकामागून एक आली. ती नुसता सल्ला देत नाहीत. स्वतः आज्ञा चालवतात. ‘दुबार’ ठरवून पुसलेले छायाचित्र खरोखर दुबार होते का, हे नंतर कळून उपयोग नसतो.

मराठ्यांच्या दप्तरखान्याला हा पेच ओळखीचा वाटला असता. पत्र लिहिणारा हात एकाचा, अधिकार दुसऱ्याचा. म्हणून शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. पेशवाईतील कागदांवर त्या जागी ‘लेखनसीमा’ आढळते. त्या शिक्क्याखाली कोणी ओळ घुसडली, तर ती उघडी पडे. कारकुनाच्या सचोटीवर विश्वास असला तरी मोर्तब होतच असे.

धन्याच्या वतीने शिक्का चालवणारा तो मुतालिक. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने १७५० मध्ये सांगोल्यात बंड केले, ते सर्वश्रुत आहे. पण बंडखोर मुतालिक निदान ओळखता येतो. प्रामाणिक मुतालिकाची चूक अधिक अवघड. तिचे उत्तम उदाहरण संगणकाच्या इतिहासात सापडते.

नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये ‘गोंधळलेला मुतालिक’ म्हणता येईल अशा शीर्षकाचा छोटा लेख लिहिला. प्रसंग टाइमशेअर या अमेरिकी कंपनीतला. तेथील एका कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदवता यावी म्हणून यंत्रणेच्या खास कप्प्यात लिहिण्याची मुभा होती. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्याने आपले निष्कर्ष साठवण्यासाठी नेमके त्या बिलांच्या फाइलीचे नाव दिले. वापरकर्त्याला तेथे लिहिण्याचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. त्याने आज्ञा पाळली आणि बिलांचा हिशेब पुसला गेला. कोणीही नियम मोडला नव्हता.

१९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडत गेलेल्या युनिक्सची वृत्तीही अशीच निमूट. फाइल पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा सहसा परत विचारत नाही. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना अशाच एका आज्ञेने पिक्सारमधील चित्रपटाच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या, आणि राखीव प्रतीही सदोष निघाल्या. घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचला. ‘सुडो’ ही सोय १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात जन्मली ती सर्वाधिकार कायमचा न देता एका आज्ञेपुरता देण्यासाठी. लेखनसीमेचीच ही जात.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेतील एआय सहायकाने, कोणताही बदल करू नकोस असे वारंवार बजावलेले असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर तो परत मिळणार नाही असेही सांगितले, जे खोटे ठरले. शब्दांत दिलेली ताकीद ही ताकीदच राहते, मोर्तब होत नाही. दुसरा धोका परक्या मजकुराचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीत कोणी ‘अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले, तर सहायक ते धन्याचे म्हणणे समजून पाळू शकतो. सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. हार्डींचा मुतालिकच तो, फक्त आता त्याला वाचता येते.

मग बीडच्या त्या छायाचित्रांचे काय करावे? मूळ संच वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क संगणकापासून काढून घ्यावी, आणि सहायकाला प्रतींचा एकच फोल्डर मोकळा करावा. जमल्यास कंटेनरमध्ये, म्हणजे उरलेल्या संगणकापासून तोडलेल्या खोलीत. पासवर्ड आणि चाव्या त्या फोल्डरमध्ये नकोत. लिप्यंतरांच्या मजकुरासाठी लिनस टोरवाल्ड्स यांचे २००५ मधील ‘गिट’ उत्तम, कारण नोंदवलेला प्रत्येक बदल त्यात ओळीनिशी दिसतो आणि मागे घेता येतो. छायाचित्रांच्या ढिगांना मात्र ते जड जाते. आधी योजना लिहून मागावी, मग आज्ञा चालू द्यावी. ‘पुस’ न म्हणता ‘वेगळ्या फोल्डरमध्ये हलव’ म्हणावे.

ही साधने धोक्याची आज्ञा चालवण्यापूर्वी साधारणतः परवानगी विचारतात. विसाव्या वेळी माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो, आणि तिसाव्या वेळी विचारणेच बंद करणारा पर्याय शोधतो. तो पर्याय बहुतेक साधनांत आहे. काहींच्या तर नावातच ‘धोकादायक’ हा शब्द घातलेला आहे. मूळ छायाचित्रे ज्या संगणकावर आहेत, तेथे तो वापरू नये.