बंद पडलेला संगणक : एक ऐतिहासिक साधन

१/ ‘साधन’ म्हटले की ताम्रपट, बखर, मोडी कागद डोळ्यांपुढे येतात. परंतु १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात आली आणि ऊस उत्पादकांच्या नोंदी डेस्कटॉपवर गेल्या. त्या पिढीतील अनेक यंत्रे आज सुरूच होत नाहीत. मित्रहो, असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत.

२/ वीज. कळ दाबूनही पंखा फिरत नसेल, तर प्रथम वायर व बोर्ड तपासावा. मागे ११५/२३० असा खटका असल्यास तो २३० वर हवा. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष कपॅसिटरांनी जगभरातील मदरबोर्ड निकामी केले; माथा फुगलेला कपॅसिटर ही त्या काळाची खूणच होय. पॉवर सप्लायची पेटी मात्र स्वतः उघडू नये.

३/ आवाज. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून यंत्र आरंभी स्वतःची तपासणी करते. त्यात एक छोटा बीप म्हणजे सर्व क्षेम. पुढे प्रत्येक बायोसची सांकेतिक भाषा निराळी झाली. पडदा काळा आणि बीप अखंड असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. दाभोसा-जव्हारच्या पावसाळी हवेत तिच्या पट्ट्यांवर थर चढतो. वायर काढून, रॅम खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी.

४/ घड्याळ. १९८४ च्या पीसी-एटीपासून यंत्राची मांडणी सेलच्या आधारे स्मरणात राहते. सेल संपला की तारीख मागे जाते, काही यंत्रे तेथेच अडतात. बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलला की काम होते. अभ्यासकाने मात्र सावध असावे : अशा काळात जतन केलेल्या फाइलवर खोटा सन उमटतो. फाइलचा दिनांक हा दस्तऐवजाचा दिनांक नव्हे.

५/ डिस्क. यंत्र मेले तरी डिस्क जिवंत असू शकते. ती काढून अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. आधी नक्कल, मग वाचन. खडखडाट ऐकू आल्यास तत्काळ थांबून जाणकाराकडे द्यावी.

६/ वारणेत पुढे सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल संदेशांचा प्रयोग झाला. यंत्रे अशी बदलतच राहतात. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्या काळच्या कागदाला वाळवी लागली तरी उरलेले पान वाचता येते. भंगारात वितळलेल्या डिस्कचे एक अक्षरही उरत नाही. आपल्या शाळेत, सोसायटीत, पतपेढीत असे यंत्र पडून असेल, तर परवानगी घेऊन निदान त्याची डिस्क वाचवा.