सिंदखेडचे जाधव घराणे

वऱ्हाडातील सिंदखेड राजा (विद्यमान बुलढाणा जिल्हा) येथील इतिहासप्रसिद्ध मराठा सरदार घराणे. निजामशाही, मोगल, मराठे व आसफजाही अशा चार सत्तांच्या अमदानीत या घराण्याच्या निरनिराळ्या शाखा नांदल्या. शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई या घराण्यातील लखुजी जाधवाच्या कन्या. मराठा सेनापती धनाजी जाधव याचा वंशही याच घराण्याला जोडला जातो. परकी सत्तेच्या आश्रयाने वाढलेले, तिच्याच हातून संहार पावलेले आणि तरीही वंशपरंपरा टिकवून राहिलेले घराणे म्हणून त्याचा इतिहास वऱ्हाडापुरता मर्यादित राहत नाही.

मूळ व वंशपरंपरा : हे घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांपासून सांगते. जाधव हे आडनाव यादव शब्दाचा अपभ्रंश असून फार्सी तवारिखांत लखुजीचा उल्लेख जादवराय किंवा जादूराय असा येतो. रामचंद्रदेव यादवाचा मुलगा शंकरदेव १३१३ मध्ये मलिक काफूरकडून मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपालदेव याच्या वधानंतर (१३१८) यादवसत्ता संपुष्टात आली. राजकुलातील काही पुरुष देवगिरी सोडून आसपासच्या मुलखात स्थायिक झाले आणि शंकरदेवाच्या वंशात पुढे लखुजी जन्मला, अशी घराण्याची परंपरा आहे. ग्रँट डफसारख्या इतिहासकारानेही हा संबंध संभवनीय मानला.

तथापि या वंशावळीचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. लखुजीपासून खाली येणारी परंपरा फार्सी तवारिखा, मनसबींच्या नोंदी व वतनाचे कागद यांनी पडताळता येते. लखुजीपासून वर शंकरदेवापर्यंत जाणारी परंपरा घराण्याच्या स्मृतीवर आधारलेली आहे. शंकरदेव व लखुजी यांच्यात सु. अडीचशे वर्षांचे अंतर असून एका पिढीस पंचवीस वर्षे धरल्यास एवढ्या काळात सु. दहा पिढ्या व्हावयास हव्यात. प्रचलित वंशावळींतील नावे त्याहून बरीच कमी आहेत. शिवाय जाधव हे आडनाव महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. त्यामुळे केवळ नामसादृश्यावरून रक्तसंबंध सिद्ध होत नाही. मात्र देवगिरीपासून सिंदखेड फार दूर नाही व हा सर्व प्रदेश यादवांच्या राज्यात मोडत होता. म्हणून ही परंपरा सर्वस्वी निराधार म्हणून टाकून देता येत नाही, तशीच ती सिद्ध झाली असेही म्हणता येत नाही.

वंशावळ लिहून ठेवण्याची निकड मुख्यतः वतनातून उत्पन्न झाली. देशमुखी हे वंशपरंपरागत वतन होते. परगण्याचा वसूल गोळा करणे व शांतता राखणे ही देशमुखाची कामे असून त्याबद्दल त्यास वसुलातील हक्क, इनाम जमिनी व मानपान मिळत. भाऊबंदांत तंटा उद्‌भवला, की गोतसभेपुढे किंवा सरकारात वंशावळ मांडावी लागे आणि निवाड्याचा महजर होई. साहजिकच अशा वंशावळीत वतनाचा वाटा ज्यांच्याकडे गेला, त्यांचीच नावे येत. निपुत्रिक पुरुष गळत आणि मुलींना तर स्थानच नसे. या घराण्याला सर्वाधिक कीर्ती ज्यांच्यामुळे लाभली, त्या जिजाबाई वतनाच्या वंशावळीत दुवा म्हणून येऊ शकत नाहीत, ही या पद्धतीची मर्यादा होय.

अशाच परिस्थितीतील घराण्यांची उदाहरणे इतरत्रही आढळतात. सातव्या शतकाच्या मध्यानंतर आर्मेनिया अरबांच्या अंमलाखाली गेला, तेव्हा तेथील सरदारघराण्यांनीही प्राचीन वंशाचा वारसा सांगितला. बग्रातुनी घराणे स्वतःस ज्यू वंशाचे, तर आर्त्सरुनी घराणे ॲसिरियाच्या सेनॅकरिब राजाच्या पुत्रांचे वंशज म्हणवीत असे. ७७५ च्या उठावात मामिकोनियन घराण्याचे बळ खचले. खलीफांशी बहुधा जुळवून घेणारे बग्रातुनी टिकले आणि त्यांपैकी आशोत यास ८८५ च्या सुमारास राजपद मिळाले. परकी सत्तेखाली कुलाची प्राचीनता हे सरदारांचे भांडवल असते आणि जी घराणी टिकतात, त्यांच्याच वंशावळी टिकतात, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी दिसून येते.

लखुजी जाधव : सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडची देशमुखी या घराण्याकडे असल्याचे दिसते. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही बुडून तो प्रांत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देण्यात आला. त्यामुळे जाधवांचे वतन दोन सत्तांच्या सरहद्दीवर आले. दोन्ही पक्षांना त्यांची गरज भासू लागली आणि दोन्ही पक्षांचा त्यांच्यावर संशयही राहू लागला. निजामशाहीत लखुजीकडे दहा हजार घोडदळाच्या खर्चासाठी जहागीर होती आणि दक्षिणेत त्याच्याइतके प्रबळ मराठा घराणे दुसरे नव्हते, असे ग्रँट डफने नमूद केले आहे.

मलिक अंबरशी बेबनाव झाल्यामुळे लखुजी व इतर काही सरदार वऱ्हाडातील बाळापूर येथे मोगल सेनापती शाहनवाजखान यास जाऊन मिळाले. त्यानंतर १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. १६२१ मध्ये शाहजहान दक्षिणेत आला असता लखुजीने पुन्हा मोगलांची चाकरी पत्करली. या वेळी त्यास, त्याच्या पुत्रांस, नातवांस व नातलगांस मिळून २४,००० जात व १५,००० स्वार एवढी मनसब देण्यात आली. हा आकडा एका व्यक्तीचा नसून संपूर्ण कुळाचा आहे. मोगल दरबार या घराण्याकडे एक लष्करी घटक म्हणून पाहत होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

लखुजीला दत्ताजी, अचलोजी, राघोजी व बहादुरजी असे चार पुत्र आणि जिजाबाई ही कन्या होती. त्याच्या पत्नीचे नाव मराठी परंपरेत म्हाळसाबाई, तर फार्सी साधनांत गिरिजाई असे येते. जिजाबाईंचा विवाह वेरूळच्या मालोजी भोसल्याचा मुलगा शहाजी याच्याशी झाला. खंडागळे यांच्या हत्तीवरून उद्‌भवलेल्या दंगलीत दत्ताजी जाधव व विठोजी भोसल्याचा मुलगा संभाजी हे मारले गेले, असा वृत्तांत परमानंदाच्या शिवभारतात आहे. या प्रसंगाने दोन सोयऱ्यांत वैर आले. १६२४ मधील भातवडीच्या लढाईत शहाजी निजामशाहीच्या बाजूने, तर लखुजी मोगलांच्या बाजूने होता.

दौलताबादचे हत्याकांड : मलिक अंबरच्या मृत्यूनंतर (१६२६) निजामशाहीत गोंधळ माजला. लखुजी मोगलांकडून पुन्हा निजामशाहीकडे वळला, पण बुऱ्हान निजामशाहाने (कार. १६१०–३१) त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात लखुजी आपल्या पुत्रांसह दरबारात आला असता दबा धरून बसलेल्या लोकांनी त्यांच्यावर अचानक हल्ला केला. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि दत्ताजीचा मुलगा यशवंतराव असे तीन पिढ्यांतील चौघे जण लढत मारले गेले. ज्या देवगिरीवर घराणे आपला वंशाधिकार सांगत होते, त्याच किल्ल्यात ही घटना घडली.

या वेळी घराणे वाचले, ते मुख्यतः लखुजीच्या पत्नीच्या तत्परतेमुळे. वार्ता कळताच ती लखुजीचा भाऊ जगदेवराव व मुलगा बहादुरजी यांसह सिंदखेडला निघून आली. नंतर या सर्वांनी मोगलांशी संधान बांधले. शाहजहानने बहादुरजी, जगदेवराव व लखुजीचे नातू यांना मनसबी दिल्या आणि सिंदखेडचे वतन घराण्याकडे राहिले. शहाजीनेही निजामशाही सोडून काही काळ मोगलांची नोकरी धरली. या हत्याकांडानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. निजामशाहीची मराठा सरदारांवरील पकड या कृत्याने ढिली झाली आणि १६३६ मध्ये ती नष्ट झाली.

पुढील शाखा : १६२९ नंतर घराण्याचे दोन प्रवाह झाले. एक प्रवाह वऱ्हाडात मोगल मनसबदारीत राहिला. सिंदखेड, देऊळगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा इ. गावी त्याच्या शाखा पसरल्या. या ग्रामनामांतील ‘राजा’ हे पद जाधवांच्या वास्तव्याची खूण मानले जाते. देऊळगाव राजा येथील बालाजी संस्थानाची परंपराही जाधवांशी निगडित आहे. मोगल छावणीत असताना शाहू महाराजांचा एक विवाह याच घराण्यातील मुलीशी झाला.

दुसरा प्रवाह स्वराज्याच्या सेवेत गेला. अचलोजीचा मुलगा संताजी याचा सांभाळ जिजाबाईंनी केला, त्याचा मुलगा शंभुसिंह आणि शंभुसिंहाचा मुलगा धनाजी, अशी या शाखेची परंपरा सांगितली जाते. संताजी घोरपड्यानंतर धनाजी मराठ्यांचा सेनापती झाला. औरंगजेबाविरुद्धच्या युद्धात त्याने मोठा पराक्रम गाजविला. १७०७ मध्ये तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला आणि १७०८ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा चंद्रसेन याचे बाळाजी विश्वनाथाशी वितुष्ट आल्याने त्याने १७११ मध्ये शाहूंचा पक्ष सोडला. पुढे तो निजामुल्मुल्काकडे गेला व भालकीची जहागीर त्याच्या वंशात राहिली. चंद्रसेनाचा मुलगा रामचंद्र जाधव यास डिसेंबर १७५७ मध्ये मराठ्यांनी सिंदखेड येथेच कोंडले. त्याच्या मदतीस निजाम अली आला. परंतु अखेर निजामास पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग देऊन तह करावा लागला. ज्या घराण्याच्या कन्येचे पुत्र मराठी राज्याचे संस्थापक झाले, त्याचाच एक पुरुष त्या राज्याच्या फौजेविरुद्ध मूळ गावी लढला. सरदारघराण्यांची निष्ठा वंशापेक्षा वतन व जहागीर यांच्याशी अधिक निगडित होती, याचे हे ठळक उदाहरण होय.

वऱ्हाडातील शाखेची सत्ता एकोणिसाव्या शतकात संपली. १८५१ मध्ये देऊळगावच्या बाजीराव जाधवाच्या पदरी असलेल्या अरब शिबंदीची निजामाच्या फौजेशी लढाई झाली. परिणामी त्याची वंशपरंपरागत मालमत्ता जप्त करण्यात आली. बाजीराव १८५६ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात राजकैदी म्हणून मरण पावला. तत्पूर्वीच, १८५३ मध्ये, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता.

अवशेष : सिंदखेड राजा येथे लखुजीचा राजवाडा, त्याची भव्य समाधी, नीळकंठेश्वराचे प्राचीन मंदिर, काळाकोट, रंगमहाल, मोती तलाव इ. वास्तू आहेत. २०२४ मध्ये समाधीच्या जतनाचे काम चालू असता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यास तेथे जुन्या मंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मोठी दगडी मूर्ती सापडली. जाधवांच्या आधीही सिंदखेड हे महत्त्वाचे स्थान होते, हे या शोधाने दाखविले. यादव व जाधव यांच्यातील रक्तसंबंधाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. राजवाडा हे जिजाबाईंचे जन्मस्थान मानले जात असून दरवर्षी १२ जानेवारी रोजी तेथे त्यांची जयंती साजरी होते. वतनाच्या वंशावळीत ज्या कन्येला स्थान नव्हते, तिच्याच नावाने आज हे गाव व घराणे सर्वत्र ओळखले जाते.