गॉगलवरची वाफ, एक दातांचा डॉक्टर आणि एक अंतराळवीर

ऑनसाइटला असताना एका वीकएंडला मित्रांबरोबर स्कीइंगला गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच! आपण धडाधड पडणार हे गृहीतच धरलं होतं, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. वैताग आणला तो गॉगलने. पाच मिनिटांत आतून वाफ धरली. पुसला की जरा वेळ बरं, की पुन्हा तेच. भाड्याने गॉगल देणारा म्हणाला, "आतून पुसू नकोस आणि कपाळावर चढवून ठेवू नकोस." का, ते काही त्याने सांगितलं नाही. घरी येऊन शोधाशोध केली, तर एक झकास गोष्ट हाती लागली.

मूळ भानगड साधी आहे. चेहऱ्याच्या घामाने गॉगलच्या आतली हवा गरम आणि दमट होते. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे लेन्स गार. दमट हवा गार लेन्सला लागली की झाले थेंब. गॉगल घट्ट बंद केला तर वाफ आत कोंडते आणि भोकं पाडली तर बर्फ आत शिरतो. इकडे आड, तिकडे विहीर!

हा प्रश्न सोडवला कोणी? तर दातांच्या डॉक्टरने! अमेरिकेतले डॉ. बॉब स्मिथ हे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांना तारा लावणारे, आणि स्कीइंगचं पक्कं वेड असलेले. १९६५ साली त्यांनी घरातल्या स्वयंपाकघरात खटपट करून दोन लेन्सचा गॉगल बनवला. दोन लेन्सच्या मध्ये हवेचा बंद थर. हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरची लेन्स गार पडली तरी आतली उबदार राहते. आणि हवा खेळायच्या जागी फोम: वाफ बाहेर जाते, बर्फ बाहेरच राहतो. सुरुवातीला हे गॉगल ते स्की लिफ्टच्या तिकिटांच्या बदल्यात देत असत. पुढे त्याचीच मोठी कंपनी झाली.

पुढच्याच वर्षी हीच वाफ एका माणसाच्या जिवावर बेतली, तीही थेट अंतराळात. ५ जून १९६६. जेमिनी ९ए यानातून यूजीन सर्नन बाहेर पडला. यानाच्या मागच्या बाजूला जाऊन त्याला रॉकेटचं बॅकपॅक चढवायचं होतं. पण धरायला पुरेसे आधार नाहीत आणि फुगलेल्या सूटमध्ये हात वाकवणंसुद्धा कष्टाचं. नाडी भयंकर वाढली. सूट थंड ठेवायची व्यवस्था हवेवर चालणारी, ती एवढ्या घामापुढे कमी पडली. व्हायझर आतून पूर्ण धुरकटला आणि समोरचं दिसेना. हेल्मेटच्या आत हात कसा घालणार? त्याने नाकाने घासून व्हायझरवर बघण्यापुरती जागा केली! शेवटी कमांडर टॉम स्टॅफर्डने बॅकपॅकचा बेत रद्द केला. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर काढून सर्नन कसाबसा आत परतला.

त्यानंतर बाहेर पडण्याआधी व्हायझरला आतून अँटीफॉग द्रावण लावणं सुरू झालं. साबणासारख्या पदार्थाने पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि आरपार दिसतं. पण नासा तिथेच थांबली नाही. घामच कमी यावा म्हणून आधारासाठी कड्या वाढवल्या, पाण्याखाली सराव सुरू केला. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी १२ वर बझ ऑल्ड्रिनने यानाबाहेरची कामं आरामात केली. अपोलोच्या चांद्रवीरांच्या सूटमध्ये तर पाणी खेळवणारे अंतर्वस्त्र आलं.

मला यातली आवडलेली गोष्ट ही, की दोन्हीकडे नुसती वाफ पुसत बसण्यापेक्षा ती का धरते याचा विचार झाला. आपण ऑफिसात बहुतेक वेळा पुसतच असतो. तोच बग, नवा पॅच!

आणि हो, त्या दुकानदाराचं कोडंही सुटलं. आतल्या लेन्सवर अँटीफॉगचा नाजूक थर असतो, पुसल्याने तो जातो. आणि कपाळावर घाम असतो, तिथे गॉगल ठेवला की वाफ आयतीच आत. असो. पडायचं कसं नाही, हे मात्र अजून सापडलेलं नाही!