अवतरणचिन्हांचा वाद : जुन्या आज्ञेत बदल करावा का?

१/ बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे नाव घ्या. संगणकाच्या यादीत ते दिसले, तर ती एक फाइल समजावी, की ‘परळी’ आणि ‘वैजनाथ’ अशा दोन? हेच नाव जसेच्या तसे पुसण्याच्या आज्ञेपुढे लिहिले, तर युनिक्सची नेहमीची शेल त्याची दोन नावे करते. त्या नावांच्या वेगळ्या फाइली असतील, तर नेमक्या त्याच नाहीशा होतात.

२/ मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण परिचित आहे. मोडीत ओळभर शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्द सुटे ठेवण्याचा दंडक नव्हता. संपादक छापताना शब्द तोडतो, विरामचिन्हे घालतो. मूळ कागदावर मात्र लेखणी चालवत नाही.

३/ फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत आहे. तिची ग्नू आवृत्ती ‘कोअरयुटिल्स’ या संचात येते. जानेवारी २०१६ मध्ये, या संचाच्या ८.२५ आवृत्तीत, एक बदल झाला : मोकळी जागा असलेले नाव पडद्यावर एकेरी अवतरणचिन्हांत दिसू लागले.

४/ त्यावर वादळ उठले. साडेचार दशकांची सवय का मोडावी, हा एक आक्षेप. दुसरा अधिक गंभीर होता : ही चिन्हे नावाचाच भाग आहेत, असा वाचकाचा समज होईल. डेबियनने आपल्या वितरणात हा बदल काही काळ मागे घेतला.

५/ परीक्षणात खरा प्रश्न हा, की मूळ पाठाला धक्का लागतो का? तो लागत नव्हता. चिन्हे केवळ पडद्यावर वाचणाऱ्या माणसासाठी होती. यादी फाइलीत किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे गेली, की ती पूर्वीसारखीच जाई. त्यामुळे तिच्यावर विसंबलेल्या जुन्या स्क्रिप्ट शाबूत राहिल्या. ज्यांना जुनेच रूप हवे, त्यांच्यासाठी ‘उणे एन’ हा पर्याय होताच.

६/ दुसऱ्या आक्षेपाचीही दखल घेतली गेली. त्याच वर्षी आलेल्या ८.२६ आवृत्तीत चिन्हे असलेली आणि नसलेली नावे एका रेषेत आणली गेली. चिन्ह नावाबाहेरचे आहे, हे नजरेला कळू लागले.

७/ जुन्या साधनात बदल सुचवणाऱ्याने आधी त्यावर कोण कोण विसंबून आहे, हे शोधावे. तो शोध इतिहासाचाच असतो. वाचकाची वाट सुकर करावी, मूळ पाठ अबाधित ठेवावा, आणि आपली भर कुठे सुरू होते ते स्पष्ट दाखवावे. दप्तराच्या संपादकाला लागू असलेला हा नियम प्रोग्रामरलाही चुकत नाही.